तळघरातल्या शिलाई मशिनी : ल्यूथरन मंडळी, सेवा आणि देवाची प्रीती

शेवंती (धागाकर्ती)

मागे एका धाग्यावर मला विचारलं होतं की तू हिंदू असून चर्चमध्ये जाऊन नेमकं काय काम करतेस, आणि त्यात देवाचा संबंध किती. तिथे दोन ओळींत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हा वेगळा धागा.

मी मिनेसोटात, सेंट पॉलच्या एका उपनगरात राहते. एकोणिसाव्या शतकात नॉर्वे-स्वीडनहून शेतकरी कुटुंबं इथे आली, त्यांनी जिथे वस्ती केली तिथे ल्यूथरन चर्च (सोळाव्या शतकातल्या मार्टिन ल्यूथरची शिकवण मानणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथाचं) बांधलं. त्यामुळे या भागात लहानातल्या लहान गावातही एखादं ल्यूथरन चर्च सापडतंच. आमच्या रस्त्याच्या टोकाला असंच एक आहे. त्याच्या तळघरात मंगळवारी सकाळी बायका क्विल्ट, म्हणजे आपल्या गोधडीसारखी पांघरुणं, करायला जमतात. आमच्या घरी देव्हारा आहे, चतुर्थीचा उपास आहे. शेजारच्या आजी म्हणाल्या, ‘तुला शिवता येतं ना? मग चल.’ तेव्हापासून जाते.

जुन्या चादरी, पडदे, शर्ट, दुकानातून उरलेले तागे असं काय काय लोक आणून टाकतात. त्याचे चौकोन कापायचे, जोडून वरचा थर करायचा, मध्ये एखादं विरलेलं ब्लँकेट, खाली चादरीचं अस्तर. माप ठरलेलं आहे, ६० इंच बाय ८० इंच. मग तिन्ही थर टेबलावर ताणून जाड दोऱ्याने ठरावीक अंतरावर गाठी मारायच्या. आपल्या गोधडीला धावदोरा असतो, इथे गाठी. काम लवकर उरकतं आणि धुतल्यावर मधला थर गोळा होत नाही. आमच्यात ८० च्या पुढच्या एक आजी आहेत. त्यांना आता सुई धरवत नाही. त्या टेबलाभोवती फिरून एकेक गाठ दोन बोटांनी ओढून बघतात. सुटली तर काही बोलत नाहीत, तिथे फक्त टाचणी टोचून ठेवतात. मग आम्ही ती गाठ परत बांधतो. कुणाच्या अंगावर जाणार हे माहीत नसलेल्या पांघरुणाची इतकी कदर मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

तयार क्विल्ट ‘ल्यूथरन वर्ल्ड रिलीफ’ या संस्थेकडे जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त झालेल्या युरोपला मदत करायला १९४५ मध्ये ही संस्था निघाली. ते आधी तिच्या गोदामात पोचतात. तिथे क्विल्ट दाबून गठ्ठे बांधतात आणि कंटेनरने पाठवतात. जॉर्डनमध्ये आलेल्या सीरियन निर्वासितांना गेले, युद्ध सुरू झाल्यावर युक्रेनला गेले. तंबूत राहणाऱ्याला असं कापड पांघरायला होतं, अंथरायला होतं, आडोशाला टांगायला होतं.

मला विशेष वाटलं ते हे की क्विल्टवर कुठलंही धार्मिक चिन्ह चालत नाही. क्रॉस छापलेलं कापड आलं की आम्ही बाजूला काढतो. झेंडा नको, लष्करी कपड्यांचे ठिपके नकोत. कारण विचारलं तर आजी म्हणाल्या, ‘ज्याला मिळेल त्याला ते बिनघोर पांघरता आलं पाहिजे.’

पाठवायच्या आधीच्या रविवारी सगळे क्विल्ट वर आणून चर्चच्या बाकांच्या पाठींवर टाकतात. त्या दिवशी मंडळी त्यांनाच टेकून उपासनेला बसतात, आणि पुढे ज्यांच्याकडे ते जाणार त्यांच्यासाठी पाळकबाई (चर्चच्या धर्मगुरू) प्रार्थना करतात. उपासना संपताना ‘शांतीने जा, प्रभूची सेवा करा’ असं म्हणतात आणि लोक ‘देवाचे आभार’ म्हणून उठतात. मी त्या रविवारी मागच्या बाकावर बसते.

मी पाळकबाईंना एकदा सरळ विचारलं की हे तुम्ही पुण्य मिळावं म्हणून करता का. त्या म्हणाल्या की ल्यूथरन विश्वासात तो हिशोबच राहत नाही. देवाची कृपा आधीच मिळालेली आहे, फुकट मिळालेली आहे, ती कामाने वाढत नाही की कमी होत नाही. मग माणसाच्या हातात जी ताकद उरते ती शेजाऱ्यासाठी. देवाला आपल्या चांगल्या कामांची गरज नाही, शेजाऱ्याला आहे. हे शेवटचं वाक्य ल्यूथरन लोकांच्या तोंडी फार असतं.

मला हे पटलं, आणि पटलं ते त्या गाठी ओढून बघणाऱ्या आजींमुळे. स्वतःच्या खात्यात काहीच जमा करायचं नसलं की सगळं लक्ष समोरच्या कामावर आणि ते ज्याच्यासाठी आहे त्याच्यावर राहतं.

भारतात ल्यूथरन मंडळी आहेत हे मला इथे आल्यावर कळलं. कुणाचा जवळून संबंध आला असेल तर लिहा.

चाफा

सुंदर लिहिलंयस. वाचतेय.

एक मनापासून शंका. इतकं कापड, इतकी मेहनत, वर कंटेनरचं भाडं. तेवढे पैसेच पाठवले तर तिथल्या बाजारात तिथल्याच माणसाकडून पांघरूण घेता येणार नाही का? मदतीच्या वस्तूंमुळे स्थानिक दुकानदार बुडतात असंही वाचलं आहे.

शेवंती

चाफा, शंका रास्त आहे आणि हे लोकही तो विचार करतात. ल्यूथरन वर्ल्ड रिलीफचं काम नुसतं क्विल्टचं नाही, शेती आणि रोजगाराचंही आहे. जिथे बाजार चालू आहे तिथे पैसे देणं चांगलं, हे मला मान्य आहे. पण युद्ध किंवा भूकंप झाला की पहिले काही महिने बाजारच नसतो. शिवाय हे कापड नाहीतर कचऱ्यात जाणार होतं. भाड्यासाठी मंडळी वेगळी वर्गणी काढतात, तो भार संस्थेवर टाकत नाहीत.

दुसरं असं, की तळघरातल्या निम्म्या बायका पेन्शनवर जगतात. त्यांच्याकडे पाठवायला पैसे नाहीत. वेळ आणि हात आहेत. त्यांच्या देण्याला मी कमी लेखू शकत नाही.

मुलताईकर

धाग्याबद्दल आभार. आम्ही बैतूल जिल्ह्यातले, तापीच्या उगमाकडचे मराठी. बैतूल मध्य प्रदेशात असलं तरी मुलताईच्या बाजूला मराठी घरं भरपूर, आणि ल्यूथरन मंडळी आमच्या रोजच्या ओळखीची.

स्वीडनचे ल्यूथरन मिशनरी १८७७ मध्ये या भागात आले. सागर, छिंदवाडा, बैतूल या पट्ट्यात त्यांनी शाळा, दवाखाने, चर्चेस उभी केली. त्यातूनच आजचं मध्य प्रदेशातलं इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च झालं, त्याचं मुख्य ठाणं छिंदवाड्याला. आमच्याकडे मात्र ल्यूथरन म्हटलं की पाढर आठवतं. बैतूलहून इटारसीकडे जाताना हमरस्त्यावर पाढर गाव लागतं. तिथल्या रुग्णालयाची सुरुवात १९५८ मध्ये डॉ. क्लेमेंट मॉस यांनी केली. आधी छोटासा दवाखाना होता, आता मोठं रुग्णालय आहे. चहूबाजूंनी जंगल, गोंड आणि कोरकू वस्त्या. पलीकडे मेळघाट लागतो, तिथलाही समाज कोरकूच.

माझ्या आत्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन तिथे झालं तेव्हा मी सोबतीला होतो. केसपेपर काढायच्या खिडकीवर माझ्या पुढे एक कोरकू म्हातारा होता. नाव सांगितलं, गावाचं नाव त्याला नीट सांगता येईना. खिडकीतल्या मुलीने घाई न करता विचारलं, ‘बाबा, तुमच्या गावाला कुठली बस जाते?’ बसवरून गाव काढलं आणि कागद केला. मागे रांग वाढत होती तरी तिचा आवाज चढला नाही. आत्या आजही ऑपरेशनचं कमी आणि त्या मुलीचंच जास्त सांगते.

२०१२ मध्ये याच रुग्णालयात छाती-पोटाने जोडलेल्या दोन जुळ्या मुलींना वेगळं करण्याची शस्त्रक्रिया झाली. भारतातले आणि ऑस्ट्रेलियातले डॉक्टर एकत्र आले होते. पेपरांत खूप गाजलं. दोघींपैकी एक काही दिवसांनी गेली, एक वाचली. आईवडील अगदी गरीब. मुलींना जन्मापासून रुग्णालयातल्या माणसांनीच वाढवलं होतं. शस्त्रक्रियेची बातमी झाली, पण त्याआधी जवळजवळ वर्षभर रोज कुणीतरी त्या दोघींना न्हाऊमाखू घालत होतं, भरवत होतं, झोपवत होतं. मला त्या वर्षाचं जास्त वाटतं.

सरळरेषा

कुणाला दुखवायचं नाही, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. मिशनरी सेवेच्या मागे धर्मांतराचा हेतू असतो ही आपल्याकडची जुनी तक्रार आहे आणि ती अगदीच निराधार आहे असं मला वाटत नाही. क्विल्टवर क्रॉस नसतो हे ठीक. पण १८७७ मध्ये स्वीडनहून बैतूलला माणूस आला तो दवाखाना काढायलाच आला होता का?

मुलताईकर

नाही. तो ख्रिस्ताची सुवार्ता सांगायलाच आला होता, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. शाळा-दवाखाने त्या कामाच्या सोबत आले. आजही चर्च म्हणजे चर्च आहे, रुग्णालयात सकाळी प्रार्थना होते, भिंतीवर बायबलची वचनं लिहिलेली आहेत. जे आहे ते उघड आहे.

प्रश्न असा आहे की खाटेवरच्या माणसाला अट घातली जाते का. मी जे पाहिलं त्यात नाही. आत्या गळ्यात तुळशीची माळ घालून गेली आणि घालूनच परत आली. सकाळची प्रार्थना चालू असताना ती पडल्या पडल्या हरिपाठ म्हणत होती, नर्सने तिचा पडदा नीट लावून दिला, एवढंच. अट घालून केलेली मदत कुणीही केली तरी मी तिच्या विरोधात आहे. पण तशी अट पाहिल्याशिवाय ती असणारच असं धरून चालणं मला बरोबर वाटत नाही.

सरळरेषा

उत्तर प्रामाणिक आहे. विचार करतो.

ग्रंथघर

इतिहासाची थोडी भर घालतो, कारण ‘हिशोबच राहत नाही’ हे वाक्य समजायला ल्यूथरचा काळ पाहावा लागतो.

त्या वेळच्या युरोपात दानधर्माकडे स्वर्गाच्या वाटेवरची शिदोरी म्हणून पाहिलं जाई. भिकाऱ्याला नाणं टाकलं की देणाऱ्याच्या आत्म्याचं भलं. म्हणजे गरीब माणूस हा श्रीमंताच्या मोक्षाचं साधन. पापाची शिक्षा माफ करणारी पत्रंही विकली जात, आणि १५१७ मध्ये ल्यूथरने त्याविरुद्धच आवाज उठवला. कृपा विकत मिळत नाही म्हटल्यावर दान कशासाठी करायचं, हा प्रश्न लगेच उभा राहिला. १५२० मध्ये त्याने लिहिलं की ख्रिस्ती माणूस कुणाच्याही अधीन नाही, पूर्ण मोकळा आहे, आणि तोच माणूस सगळ्यांचा सेवक आहे. दोन्ही एकाच वेळी खरं.

याचं व्यवहारात काय झालं ते सॅक्सनीतल्या लाइस्निग गावात दिसतं. तिथल्या मंडळींनी १५२३ मध्ये गावाची समाईक पेटी केली. चर्चचं उत्पन्न त्यात जमा करायचं आणि त्यातून पाळकाचा पगार, शाळा, अनाथ, म्हातारे, आजारी, अडचणीतले कारागीर यांचा खर्च भागवायचा. एकट्याला पेटी उघडता येऊ नये म्हणून कुलपं अनेक आणि किल्ल्या वेगवेगळ्या लोकांकडे. कारभाऱ्यांत सरदार होते, नगरवासी होते, शेतकरीही होते. ल्यूथरने या नियमांना प्रस्तावना लिहून दिली. गरिबाची सोय ही देणाऱ्याच्या मर्जीवर न ठेवता गावाची जबाबदारी मानली, मला यातलं हे सर्वांत मोठं वाटतं.

१५२७ मध्ये विटेनबर्गला प्लेग आला. विद्यापीठ येना गावी हलवलं, ल्यूथरलाही निघून जायला सांगितलं होतं. तो राहिला. बायको काथारीना गरोदर होती, घरात आजारी माणसं आणून ठेवलेली. प्लेगमधून पळून जावं का, असं ब्रेस्लाऊच्या पाळकांनी विचारलं होतं, त्यांना त्याने सविस्तर पत्र लिहिलं. त्याचा सूर असा की ज्याच्यावर कुणी अवलंबून नाही त्याने जायला हरकत नाही, पण पाळक, अधिकारी, चाकर-मालक, शेजारी यांनी एकमेकांना टाकून जाऊ नये. धुरी द्या, औषध घ्या, जिथे गरज नाही तिथे जाऊन रोग पसरवू नका. कोविडच्या काळात हे पत्र जगभर पुन्हा वाचलं गेलं.

पुढच्या गोष्टी थोडक्यात. १८३३ मध्ये हाम्बुर्गजवळ योहान विखर्न यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी घर काढलं. १८३६ मध्ये कायझर्सवेर्टला थिओडोर फ्लीडनर आणि त्यांची पत्नी फ्रीडरिके यांनी सेविकांना रुग्णसेवेचं शिक्षण देणारी संस्था सुरू केली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ मध्ये तिथेच शिकल्या.

सोलापूरची सून

माझं माहेर तेलुगू. आजी गुंटूरकडची, आणि तिचा जन्म कुगलर हॉस्पिटलमधला. हे नाव आमच्या घरात देवाच्या नावासारखं घेतात.

डॉ. अ‍ॅना सारा कुगलर १८८३ मध्ये अमेरिकेतल्या ल्यूथरन मंडळींकडून गुंटूरला आल्या. शिकलेल्या डॉक्टर होत्या, पण मिशनने त्यांना नेमलं मुलींच्या शाळा आणि घरोघरी जाऊन बायकांना शिकवण्यासाठी. त्यांनी ते केलं आणि सोबत औषधंही दिली, तेव्हा कुठे नंतर डॉक्टरकीच्या कामाला मान्यता मिळाली. १८९८ मध्ये बायका-मुलांसाठी रुग्णालय उघडलं. १९३० मध्ये त्या गुंटूरलाच वारल्या.

त्या काळी पुरुष डॉक्टरला हात लावू द्यायचा नाही म्हणून बाळंतपणात बायका मरत. आजी म्हणायची, एक बाई दुसऱ्या बाईसाठी समुद्र ओलांडून आली. ती ल्यूथरन होती हे मला फार उशिरा कळलं. आज या धाग्यामुळे लिहावंसं वाटलं.

नगरी_सलाम

सर्वांना सलाम. मी अहिल्यानगर जिल्ह्यातला ख्रिस्ती. आमची मंडळी ल्यूथरन नाही, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली, पण प्रीती आणि सेवा याबद्दल शिकवण एकच.

एक गोष्ट जरा ठासून सांगतो. सेवेला टाळ्या मिळतात, उपासनेला मिळत नाहीत, म्हणून लोक चर्चचं मोजमाप सेवेवरून करतात. पण शेवंतीताईंनी जे बाकांवरच्या क्विल्टचं लिहिलं त्यात क्रम बरोबर आहे. आधी बायबलचं वचन ऐकणं, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) घेणं, मग दारातून बाहेर पडणं. आधी घेतलेलं असतं म्हणून देता येतं. हे सुटलं की सेवा म्हणजे समितीच्या बैठका, फोटो आणि ‘अमुक यांच्या स्मरणार्थ’च्या पाट्या एवढंच उरतं. मी अशा समितीत बसलो आहे. पंखा कुणी दिला हे पंख्यावर लिहिलेलं असतं, आणि त्या पंख्याखाली बसणाऱ्या विधवेच्या घरी गेल्या पावसात कोण गेलं हे कुणालाच माहीत नसतं. आमच्याकडच्या तरुण संघाने आता पाट्या लावायच्या नाहीत असं ठरवलं आहे. वडीलधाऱ्यांशी वाद चालू आहे, पण मी तरुणांच्या बाजूने.

ग्रंथघर

नगरी, सहमत. आणि सेवा म्हणजे काही वेळा नकार देणंही असतं. जर्मनीत बीलेफेल्डजवळ बेथेल ही अपस्मार असलेल्या माणसांची वसाहत १८६७ पासून आहे. १९४० मध्ये नाझी सरकारने अपंग आणि मनोरुग्णांची नोंद करणारे फॉर्म पाठवले. ते या माणसांना मारण्यासाठी आहेत हे तोवर कळून चुकलं होतं. तिथले पाळक फ्रीडरिक फॉन बोडेलश्विंग यांनी ते फॉर्म भरायला नकार दिला. बेथेलमधले बहुतेक रुग्ण वाचले, पण तिथल्या ज्यू रुग्णांना त्याच वर्षी नेलं गेलं आणि मारलं गेलं. त्या काळात जर्मनीतली बरीच ल्यूथरन मंडळी सत्तेच्या बाजूने उभी होती, हेही सांगितलं पाहिजे.

शेवंती

हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. मुलताईकर, सोलापूरची सून, खूप आभार.

सरळरेषा, तुमच्या शंकेला धरून इथलं एक सांगते. मिनेसोटात ल्यूथरन सोशल सर्व्हिस ही संस्था आहे. १८६५ मध्ये व्हासा गावच्या एरिक नोरेलियस या स्वीडिश पाळकांनी चार अनाथ मुलांना आसरा दिला, तिथून ती सुरू झाली. व्हिएतनाम युद्धानंतर लाओसहून ह्मोंग कुटुंबं इथे आली, नंतर नव्वदच्या दशकात सोमालियातून मुसलमान कुटुंबं आली. त्यांना घर, मुलांना शाळा, थंडीचे कोट, नोकरीचे कागद यात ल्यूथरन संस्था आणि मंडळींचा मोठा हात होता. सोमाली मंडळी आपल्या मशिदी बांधून इथे नांदताहेत. आमच्या तळघराशेजारी फूड शेल्फ आहे, म्हणजे गरजूंना शिधा द्यायची जागा. तिथे मसूर आणि हलाल मांस वेगळं ठेवतात, कारण घेणारे तसे आहेत.

चाफा

मला शिवता येत नाही आणि मी ह्यूस्टनला आहे. आमच्या महाराष्ट्र मंडळात दरवर्षी ‘काहीतरी सामाजिक करू’ असा ठराव होतो आणि एका दिवसात आटोपतो. नेहमी करता येईल असं काय आहे?

शेवंती

चाफा, मग ल्यूथरन वर्ल्ड रिलीफसाठी किट्स करा, म्हणजे रोजच्या वापराच्या वस्तूंची गाठोडी. त्याला शिवण लागत नाही. एक गडद रंगाचा हलका टॉवेल, अंगाचे दोन साबण मूळ वेष्टणातच, मोठ्यांचा टूथब्रश पाकिटासकट, मजबूत कंगवा, नखं कापायचं नेलकटर. सगळं टॉवेलात गुंडाळून दोरीने घट्ट बांधायचं. चिठ्ठी घालायची नाही, मंडळाचं नाव घालायचं नाही. पाठवण्याआधी संस्थेच्या साइटवरची ताजी यादी नक्की बघा, मापं आणि वस्तू अधूनमधून बदलतात. तुमच्या भागातली ल्यूथरन चर्चेस वसंतात आणि शरदात माल एकत्र गोळा करतात, त्यांना फोन केलात की कुठे आणून द्यायचं ते सांगतील.

आणि जमलं तर महिन्यातला एक वार ठरवून टाका. मोठा कार्यक्रम नको. चार जणी आल्या तरी चालेल. मी पहिल्या वेळी व्हिडिओवर सोबत बसते, टॉवेलाची घडी कशी घालायची ते दाखवते.

चाफा

तिसरा शनिवार. मंडळाच्या ग्रुपवर आत्ताच टाकलं, तीन हात वर आलेत.

मुलताईकर

चौथा माझ्या बहिणीचा धरा. ती ह्यूस्टनजवळ केटीला राहते, तिला कळवतो.